चार महिने बेंगलोरला कामासाठी राहायचंय – हॉटेल, पीजी, सर्व्हिस अपार्टमेंट की फ्लॅट?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण ज्यांनी असं राहून बघितलंय त्यांनी कृपया वेळ काढून सांगा.

मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनियर आहे, सीएनसी मशीन बसवायचं आणि चालू करून द्यायचं काम. आजपर्यंत बाहेरगावी जायचं म्हणजे तीन दिवस, फार तर आठवडा, स्टँडजवळचा लॉज बघायचा, बॅग टाकायची आणि कारखान्याच्या शॉपवर पळायचं, रात्री येऊन फक्त झोपायचं, त्यामुळे खोली कशी आहे हा विचारच कधी केला नाही. आता मात्र बेंगलोरला बोम्मसंद्राच्या इंडस्ट्रियल एरियात सहा मशीन बसवायच्यात, ट्रायल आणि ऑपरेटर लोकांचं ट्रेनिंग धरून चार महिने, एखादं मशीन रखडलं तर पाच. जूनच्या एक तारखेला तिथं हजर व्हायचंय.

कंपनी राहण्यासाठी दिवसाला १,४०० रुपयांपर्यंत देते, तेही बिल लावलं तरच, जेवणाचे ५०० वेगळे. म्हणजे राहण्याचे महिन्याला ४२,००० झाले. आकडा ऐकून बरा वाटतो पण हॉटेल ॲपवर बघितलं तर या पैशात ज्या खोल्या दिसतात त्यात एक पलंग, एक टीव्ही आणि भिंतीला चिकटलेलं एक छोटं टेबल, बास. दोन रात्री ठीक आहे, एकशेवीस रात्री तिथं कशा काढायच्या?

ही भीती उगाच नाही. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एका सहकाऱ्याला असंच दुसऱ्या राज्यात अडीच महिने ठेवलं होतं, लॉजच्या खोलीला खिडकी होती पण ती आतल्या पॅसेजमध्ये उघडायची. बाहेर पाऊस आहे का ऊन हे त्याला खाली उतरल्यावर कळायचं. रोज हॉटेलचं जेवण. परत आला तेव्हा सात किलो वजन उतरलं होतं आणि पोटाचं दुखणं अजून चालूच आहे. बायको म्हणाली तुम्ही आधी राहायचं ठरवा मग तिकीट काढा.

मुलगी दोन वर्षांची आहे. दर तीन आठवड्यांनी शनिवार-रविवार घरी यायचा विचार आहे, मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच. आणि जमलं तर मधे आठ-दहा दिवस दोघींना तिकडं न्यायचंय.

तर विचारायचं हे की चार-पाच महिन्यांसाठी नक्की काय घ्यावं, कुठल्या भागात बघावं, आणि बिल वगैरे काय सांभाळायचं म्हणजे अकाउंट्सवाले नंतर क्लेम अडकवणार नाहीत?

मिरज_ते_मॅजेस्टिक:

दादा मी मूळचा जयसिंगपूरचा, आठ वर्षं झाली इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे. म्हणजे तुमच्या प्लांटच्या अलीकडच्याच बाजूला. सगळे प्रकार करून झालेत, पहिलं वर्ष पीजी, मग तिघात फ्लॅट, आता कुटुंबासोबत. आणि आमच्या कंपनीत पुण्याहून येणाऱ्या लोकांना खोल्या बघून द्यायचं काम मलाच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फ्लॅटचं सांगतो कारण गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला तोच स्वस्त वाटतो. समजा १८,००० भाड्याचा फर्निश्ड वन बीएचके मिळाला. इथं डिपॉझिट पूर्वी दहा महिन्यांचं घ्यायचे, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहावर आलंय, म्हणजे ९०,००० तुमचे अडकले. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. आणि सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधनं कापतात, तुम्ही चार महिने राहा नाहीतर चार वर्षं, ही इथली रीतच आहे. आता भागाकार करा, ब्रोकरचे आणि पेंटिंगचे मिळून ३६,००० भागिले चार, महिन्याला ९,००० वाढले, म्हणजे १८ चा फ्लॅट २७,००० ला पडला. वर लाईट, गॅस, नेट, भांडी, मोलकरीण. शिवाय अग्रीमेंट अकरा महिन्यांचं, त्यात लॉक-इन (म्हणजे त्याआधी सोडता येत नाही) सहा महिन्यांचं असेल तर चौथ्या महिन्यात निघताना परत भांडण. वर्षभर राहणाऱ्याला फ्लॅट, चार महिन्यांवाल्याला नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

पीजीत खर्च सगळ्यात कमी. सिंगल रूम, जेवणासकट, १४ ते १८ हजारात आपल्या भागात मिळते. पण तुमचं वय, बायको-मुलगी यायचीय, पीजीत फॅमिली राहू देत नाहीत. आणि खोलीत इंडक्शन चालवू देत नाहीत, सापडलं तर काढून घेतात. जेवण म्हणजे भात, सांबार, रसम, पातळ भाजी, चपाती असते पण नावाला. पहिले पंधरा दिवस आवडीनं खाल.

राहिलं सर्व्हिस अपार्टमेंट. ह्यात पण दोन जाती आहेत ते लक्षात घ्या. एक म्हणजे खरंच त्यासाठी बांधलेली बिल्डिंग, खाली रिसेप्शन, प्रत्येक खोलीत छोटा ओटा, फ्रिज, मायक्रोवेव्ह, दोन शेगड्यांचं इंडक्शन, गच्चीवर किंवा मजल्यावर वॉशिंग मशीन, आठवड्यातनं दोन-तीनदा साफसफाई. दुसरी म्हणजे कोणीतरी साध्या बिल्डिंगमधले चार फ्लॅट भाड्याने घेऊन त्याच्या खोल्या करून ॲपवर टाकलेत, एका फ्लॅटमध्ये तीन पाहुणे, स्वयंपाकघर एकच, फोटोत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. फोनवर एकच प्रश्न विचारा, ओटा खोलीच्या आत आहे का बाहेर. लगेच कळतं.

तुमच्या बजेटात स्टुडिओ आरामात बसेल. ३० ते ३८ हजारांच्या मधे महिन्याच्या रेटने मिळून जाईल. ॲपवर रात्रीचा रेट बघून गुणिले तीस करू नका, तो रेट महिनाभर राहणाऱ्यासाठी नसतोच, थेट फोन करून महिन्याचा रेट मागायचा.

आता भाग. आमचे बरेच लोक कोरमंगला, एचएसआरला राहायचा हट्ट करतात, संध्याकाळी फिरायला बरं म्हणून. तुम्ही शिफ्टला जाणार, होसूर रोडवर रोज एक-सव्वा तास घालवू नका. पूर्वी दुसरा इलाज नव्हता पण ऑगस्ट २०२५ मध्ये यलो लाईन मेट्रो सुरू झाली, आर. व्ही. रोड ते थेट बोम्मसंद्रा, १९ किलोमीटर, १६ स्टेशनं. सुरुवातीला २५ मिनिटांनी एक गाडी होती, आता बरी वारंवारता आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटी ते बोम्मसंद्रा या पट्ट्यात कुठल्याही स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर खोली बघा. गावाला जायला पण तीच सोयीची, यलोने आर. व्ही. रोड, तिथं ग्रीन लाईन पकडायची, थेट मॅजेस्टिकला, म्हणजे बेंगलोरच्या मुख्य रेल्वे स्टेशनपाशी उतरायचं, राणी चन्नम्मा समोर. ट्रॅफिकमध्ये अडकून गाडी चुकायची भीतीच गेली.

आणि एक जागा सांगतो जी ॲपवर फारशी दिसत नाही. बोम्मसंद्राला नारायणाचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथं लांबून पेशंट येतात, बंगालमधले तर खूप, महिना-महिना राहतात. त्यामुळे आजूबाजूला आठवड्याच्या, महिन्याच्या हिशोबाने खोल्या देणारे भरपूर आहेत, खोलीत गॅस किंवा शेगडी आणि चार भांडी असतातच कारण पेशंटला घरचं द्यावं लागतं. बोर्डसुद्धा बंगालीत आहेत. खोल्या साध्या, पण खिडकी, गॅलरी, पाणी ठीक. तुमच्या प्लांटपासून जवळ पण पडेल. एकदा बघाच.

पाण्याचं मात्र विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात इथं बोअर आटले होते, टँकरवर दिवस काढलेत आम्ही. जूनमध्ये येताय तर बरं आहे, तरी कावेरीच्या पाण्याचं नळ कनेक्शन आहे का नुसतं बोअर-टँकर ते विचारून घ्या, बोअरचं पाणी जड आहे, केस आणि कपडे दोन्ही खराब होतात. जनरेटरवर खोलीतला प्लग चालतो का फक्त लिफ्ट आणि जिना, हेही.

जेवणाची चिंता करू नका. उत्तर कर्नाटकातल्या लोकांच्या खानावळी आहेत इकडं. बोर्ड कन्नडात असतो, वाचता आला नाही तरी विचारा, ते पण खानावळीच म्हणतात. ज्वारीची पातळ भाकरी, त्याला जोळद रोट्टी म्हणतात, भरलेलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाढणाऱ्याने न विचारता दुसरी भाकरी टाकली तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या. विजापूर-जमखंडीकडचे लोक असतात, अर्ध्यांना मराठी कळतं.

शेवटचं म्हणजे, सांगलीत बसून चार महिन्यांचं बुकिंग करू नका. पहिले सहा-सात दिवस हॉटेल घ्या, संध्याकाळी दोन-दोन जागा बघा, मग ठरवा.

एकटाजीव२४:

पीजी घ्या राव, एवढा काय विचार. मी दीड वर्ष बीटीएमला पीजीत काढलं, १२ हजारात सगळं, गरम पाणी, वायफाय, तीन टाइम खाणं, कपडे धुवायला मशीन. दिवसभर तर प्लांटवरच असणार तुम्ही.

हिशोबवही:

मी पुण्यात एका कंपनीत ॲडमिन आणि ट्रॅव्हल क्लेमचं काम बघते, म्हणून बिलांच्या बाजूने लिहिते. क्लेम अडकतात ते नव्वद टक्के वेळा सुरुवातीला न विचारल्यामुळे, तुमचं पहिलंच पोस्ट बघून बरं वाटलं की तुम्ही आधी विचारताय.

सगळ्यात आधी ऑफिसला हे विचारा की १,४०० मध्ये टॅक्स धरलाय का वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. म्हणजे १,४०० च्या खोलीवर रोजचे ७०, एकशेवीस दिवसांचे ८,४००. हे कुणाच्या खिशातनं जाणार ते पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे.

आता तुमच्या कामाचं. जर एका माणसामागे महिन्याला २०,००० किंवा त्याच्या आतला दर असेल आणि राहणं सलग किमान ९० दिवसांचं असेल तर त्या राहण्यावर जीएसटीच लागत नाही, जुलै २०२४ पासून ही सूट आहे. त्याआधी २०२३ मध्ये बेंगलोरच्याच एका ॲडव्हान्स रूलिंगमध्ये (टॅक्स लागतो का हे आधीच विचारल्यावर मिळणारा अधिकृत निर्णय) पीजी-हॉस्टेलच्या भाड्यावर जीएसटी लागतो असं आलं होतं आणि बराच गोंधळ झाला होता, आता तो मिटलाय. तुम्ही चार महिने राहणार म्हणजे ९० दिवस सहज होतात. पण दर २१,००० असेल तर सूट गेली, आणि दोन महिन्यांत जागा बदलली तरी गेली. म्हणून पत्रात किंवा अग्रीमेंटमध्ये किमान ९० दिवस असं स्पष्ट लिहून घ्या. त्यांनी तरी टॅक्स लावला तर त्यांच्या अकाउंटंटशी बोला, बऱ्याच छोट्या लोकांना हे माहीतच नसतं.

फ्लॅटबद्दल वरती दादांनी सांगितलं त्यात एक भर. काही कंपन्या म्हणतात आम्हीच कंपनीच्या नावावर फ्लॅट घेतो. कंपनी जीएसटीत नोंदलेली असेल तर जुलै २०२२ पासून राहत्या घराच्या भाड्यावर कंपनीला १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे घरमालकाऐवजी स्वतःच भरावा लागतो, हे साहेबांच्या लक्षात नसतं आणि मार्चमध्ये ऑडिटर दाखवतो. आणि आपल्या महाराष्ट्रातली सवय घेऊन जाऊ नका, आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स एक महिन्याचं असलं तरी नोंदणी लागते. कर्नाटकात अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर होतो, नोंदणी बहुतेक कुणी करत नाही. तिथं कागद साधा दिसला म्हणून खोटा आहे असं नसतं, पण त्यात काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचायला लागतं.

बिल दर महिन्याला वेगळं घ्या. चार महिन्यांचं एकच बिल शेवटी घ्यायचं ठरवलं आणि मधे जागा सोडावी लागली तर हातात काहीच राहत नाही. बिलावर तुमचं नाव, कंपनीचं नाव, तारखा कधीपासून कधीपर्यंत, आणि त्यांचा जीएसटी नंबर असेल तर तो. पीजीवाला पावती पुस्तकातली पावती देतो, ती चालेल का ते आधी अकाउंट्सला फोटो पाठवून विचारा. आमच्याकडे एका मुलाचे तीन महिन्यांचे पैसे याच पायी दिवाळीपर्यंत अडकले होते, मलाच वाईट वाटायचं त्याला रोज नाही म्हणताना.

ॲडव्हान्स मागा. महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट स्वतःच्या पगारातनं भरून महिनाभर क्लेमची वाट बघायची ही पद्धत बरोबर नाही, चार महिन्यांच्या साइटसाठी कंपनीने टूर ॲडव्हान्स द्यायला पाहिजे, मेल करून मागा, संकोच करू नका.

रानजाई:

मी ऑडिटमध्ये आहे, नाशिकची, वर्षातले पाच-सहा महिने चाकण, तळेगाव, बुटीबोरी असं फिरणं असतं, एकेका ठिकाणी पाच ते आठ आठवडे. दोन्ही उत्तरं चांगली आहेत, पण आठ वाजता खोलीत शिरल्यावर पुढे काय होतं त्याबद्दल मला लिहायचंय.

पहिली दोन वर्षं मी फक्त भाडं बघून जागा घेतल्या. एका ठिकाणी खोलीच्या मागच्या भिंतीला लागून लिफ्टची मोटर होती, दिवसा बघायला गेले तेव्हा काहीच कळलं नाही, रात्री प्रत्येक वेळी कोणी वर गेलं की पलंगाची पाठ थरथरायची. सहा आठवडे कानात कापूस घालून झोपले आणि त्या ऑडिटमध्ये माझ्या हातून नको त्या चुका झाल्या. तेव्हापासून मी नियम केला की जागा रात्री नऊनंतर बघायची. शेजारचा आवाज, जिन्यातला दिवा, गल्लीतली कुत्री, खालच्या दुकानाचं शटर, सगळं तेव्हाच कळतं. दार आतून लावून बघायचं, कडी नीट बसते का. शॉवर सोडून पाच मिनिटं थांबायचं, गीझरचं पाणी खरंच गरम येतं का. मोबाईलला खोलीच्या कोपऱ्यात रेंज आहे का, कारण मुलीला रोज रात्री व्हिडिओ कॉल तर करणारच तुम्ही.

एकटाजीव दादांना सांगायचंय की पीजी वाईट नाही, पण मी एकदा पीजीत राहिले तिथं गेट दहाला बंद व्हायचं आणि स्टॉक मोजणी रात्री साडेअकराला संपायची. रोज वॉचमनला फोन, रोज वॉर्डनची नाराजी. मशीन चालू करून द्यायच्या कामात तुम्हाला पण उशीर होणारच. गेटची वेळ विचारा.

आणि कंपनी बिलाप्रमाणे पैसे देतेय, वाचवलेले पैसे तुमच्या हातात येणार नाहीत, मग कमीत कमी भाड्याच्या मागे का लागायचं? पैसा कंपनीचा आहे, झोप आणि पोट तुमचं. ४२,००० ची मर्यादा आहे तर त्यातली सगळ्यात शांत आणि उजेडाची खोली बघा. खिडकी रस्त्यावर नको पण बाहेर उघडणारी पाहिजे, तुमच्या सहकाऱ्याचं वाचून अंगावर काटा आला.

रविवारचं पण ठरवून ठेवा. आठवडाभर काम असतं, रविवारी सकाळी दहा वाजता काय करायचं हे सुचत नाही आणि मग माणूस दिवसभर पलंगावर पडून मोबाईल बघतो. मी प्रत्येक गावात पहिल्या आठवड्यात भाजी बाजार शोधते. बुटीबोरीला असताना रविवारी भाजी आणायची, निवडायची, दोन दिवसांची चिरून डब्यात ठेवायची, त्यात दुपार जायची आणि घरात असल्यासारखं वाटायचं. त्यासाठी ओटा आणि फ्रिज पाहिजे, म्हणून माझं मत सर्व्हिस अपार्टमेंट.

फोडणी_टेक्सास:

मूळचा इचलकरंजीचा, कामानिमित्त डॅलसजवळ प्लेनोला पाच महिने राहून आलोय, बेंगलोरचं मला फार माहीत नाही पण हा प्रकार तिकडं फार जुना आहे म्हणून लिहितो. १९७५ साली कॅन्सस राज्यात विचिटा गावात जॅक डीबोअर नावाच्या माणसाने रेसिडेन्स इन म्हणून हॉटेल काढलं, खोलीत स्वयंपाकघर आणि जितकं जास्त राहाल तितका रोजचा रेट कमी, १९८७ मध्ये ते मॅरियटने घेतलं. आता तिकडं असल्या हॉटेलांच्या कितीतरी साखळ्या आहेत आणि आपले आयटीवाले ऑनसाइट गेले की पहिला महिना तिथंच असतात. पूर्ण उंचीचा फ्रिज, शेगडी, भांडी, आणि साफसफाई आठवड्यातनं एकदाच, त्यामुळे रेट परवडतो.

सांगायचं कारण असं की तिथं रेटचे टप्पे असतात, एक ते सहा रात्री एक रेट, सात ते एकोणतीस दुसरा, तीसच्या पुढे तिसरा. आपल्याकडे तसा बोर्ड लावत नाहीत पण मागितला तर देतात. तुम्ही फोनवर खोली आहे का असं विचारू नका, एकशेवीस रात्री आहेत, टप्प्याने काय रेट द्याल असं विचारा, समोरचा माणूस लगेच मॅनेजरला बोलावतो.

दुसरं हिशोबवही ताईंनी ९० दिवसांचं सांगितलं तसंच टेक्सासमध्ये पण आहे, सलग तीस दिवस राहिलं तर हॉटेलवरचा टॅक्स माफ, पण पहिल्याच दिवशी लेखी द्यावं लागतं की मी तीस दिवस राहणार, नाहीतर पहिल्या तीस दिवसांचा भरावाच लागतो. मी दिलं नव्हतं, मला भरावा लागला. माझ्यासोबतच्या मुलाने चेक-इनच्या वेळीच एका ओळीचं पत्र दिलं, त्याचा वाचला. म्हणून तुम्ही पण चार महिने राहणार हे पहिल्या दिवशी लेखी द्या.

आणि खोलीत स्वयंपाक करणार असाल तर धुराचा अलार्म कुठे आहे ते बघा. मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि सगळ्या मजल्याचा अलार्म वाजला, लोक बाहेर आले, फायर ब्रिगेडची गाडी आली. लहान बाळ घेऊन एक बाई थंडीत खाली उभी होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर मी फोडणी खिडकीशी आणि पंखा लावूनच केली.

मिरज_ते_मॅजेस्टिक:

एक राहिलंच. तुम्ही दर तीन आठवड्यांनी गावी जाणार, त्या रात्रींचं काय ते बोलून घ्या. हॉटेल असेल तर शुक्रवारी चेकआऊट करून बॅग त्यांच्याकडे ठेवता येते, सोमवारी परत, दोन-तीन रात्रींचे पैसे वाचतात, पण दरवेळी खोली बदलते आणि सगळं सामान आवरायचं. महिन्याच्या रेटमध्ये ते पैसे जातातच. मी म्हणेन जाऊ द्या, प्रवासातनं येऊन आपल्याच उशीवर डोकं टेकलेलं बरं. पण कुटुंब आठ दिवस येईल त्याचे जादा पैसे किती, आणि ते चालणार आहे ना, हे मात्र आत्ताच लिहून घ्या, नंतर आयत्यावेळी माणशी रोजचे पाचशे मागतात.

आणि नोटीस पिरियड. तुमचं मशीन लवकर झालं तर पंधरा दिवस आधी सांगून सोडता आलं पाहिजे, आणि लांबलं तर त्याच रेटने महिना वाढवता आला पाहिजे.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे लिहिता आलं नाही, इथं येऊन तीन आठवडे झाले. काय केलं ते सांगतो म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल.

दादांनी सांगितल्याप्रमाणे पहिले सात दिवस प्लांटजवळच्या हॉटेलात राहिलो आणि सात दिवसांत नऊ जागा बघितल्या, रानजाई ताईंचं ऐकून सगळ्या रात्री. ॲपवर सगळ्यात सुंदर फोटो असलेली जागा हीच ती चार फ्लॅटवाली निघाली, ओटा बाहेर, तिथं दुसऱ्या पाहुण्यांची भांडी भिजत घातलेली. दुसरी एक आवडली होती पण गीझर सोडून थांबलो तर पाच मिनिटांनी सुद्धा कोमटच.

हॉस्पिटलकडच्या खोल्या पण बघितल्या. त्यातली एक १९,००० ला होती, टॅक्स लागला नसता, आणि मला मोह झाला होता. पण त्या मजल्यावर सगळे पेशंटचे नातेवाईक, एक वयस्कर बाई जिन्यात बसून फोनवर रडत होत्या. रोज रात्री तिथनं जाताना मन हललं असतं, आणि दोन वर्षांच्या लेकीला आजारी माणसांच्यात आणायचं पण जिवावर आलं. म्हणून नको म्हटलं.

शेवटी हेब्बगोडी मेट्रो स्टेशनपासून आठ मिनिटांवर एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये स्टुडिओ घेतला. ३८,००० सांगितले होते, एकशेवीस रात्रींचा रेट मागितल्यावर ३४,००० वर आले, ५ टक्के जीएसटी धरून ३५,७००. एक महिन्याचं डिपॉझिट, पंधरा दिवसांची नोटीस, कुटुंब दहा दिवस राहिलं तर जादा काही नाही, सगळं मेलवर लिहून घेतलं. ऑफिसने मर्यादेत टॅक्स धरलाय असं उत्तर दिलं, तरी बसतंय. ॲडव्हान्स मागताना जीभ अडखळत होती पण मेल केला आणि तिसऱ्या दिवशी पन्नास हजार जमा झाले. तेरा वर्षं नोकरी करतोय, कधी मागितलाच नव्हता.

खोलीला छोटी गॅलरी आहे, समोर नारळाची दोन झाडं. सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर वॉशिंग मशीनचा. शॉपवरनं आलं की कपड्यांना कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वास येतो, तो हॉटेलात असताना पूर्ण खोलीत भरायचा आणि धुवायला द्यावं तर नगावर पैसे, शर्टाचे वेगळे पँटचे वेगळे. इथं आल्या आल्या कपडे मशीनमध्ये टाकतो, मग आंघोळ, मग भात लावतो. आमटी करायला लागलोय, फोडणी गॅलरीचं दार उघडून. भाकरी जमत नाही, ती खानावळीतनं आणतो, पाच भाकऱ्या कागदात बांधून देतात, वांग्याची भाजी डब्यात. मालक अथणीचे निघाले, मी कुपवाडचा म्हटल्यावर म्हणाले मिरजेच्या दवाखान्यात माझं ऑपरेशन झालंय, आणि चटणीची पुडी तशीच दिली.

पुढच्या शुक्रवारी पहिल्यांदा गावी जातोय. येताना पोळपाट आणि घरचा छोटा कुकर घेऊन येणार आहे, इथला कुकर शिट्टीच देत नाही. दोघी ऑगस्टमध्ये येतील. दादा, त्या आल्या की एक रविवार तुमच्याकडे यायचंय, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.